सरूआत्याचे अकरा घट्ट दात

कर्जतच्या माझ्या दवाखान्यात खुर्चीशेजारच्या टेबलावर चिमटे, आरसा, चुळा भरायचं भांडं हे सगळं असायचंच. पण त्याच रांगेत एक स्पिरिटचा दिवा, काचेच्या चार नळ्या आणि निळ्या पाण्याची एक बाटलीही असायची. तिचा खुलासा करण्यात माझी बरीच वर्षं गेली. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड दाढ हलते म्हणून आले होते. मी त्यांची हिरडी पाहिली, हाती रिकामी शिशी दिली आणि म्हणालो, "मागच्या बाजूला मोरी आहे. थोडी लघवी घेऊन या."

ते खुर्चीतून ताडकन उठले. "डॉक्टर, माझी दाढ वरची आहे, वरची!"

बाहेर बाकावर बसलेली माणसं पोट धरून हसली. पुढे कित्येक दिवस बाजारात हा विनोद चालला होता, की दात दाखवायला गेलो आणि शिशी भरून आलो. गार्डसाहेबांच्या लघवीत साखर निघाली, ते सावध झाले आणि त्यांची दाढही आणखी सहा वर्षं टिकली, हे मात्र बाजारात कुणी सांगितलं नाही.

संपादकांनी मला धंद्यातले गमतीचे अनुभव लिहायला सांगितले आहेत. गार्डसाहेबांचा हा किस्सा त्यांनी त्या खात्यात धरावा. ती निळी बाटली माझ्या टेबलावर कशामुळे आली, ते मात्र गमतीचं नाही. घरी पत्नीलासुद्धा मी ते अर्धंच सांगितलं होतं.

आमचं गाव चौकच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. वडील भातशेती करत. घरात सही करता येणारा पहिला माणूस मी. गावात चौथीपर्यंतसुद्धा शाळा नव्हती, म्हणून मी रोज चालत चौकला जायचो. तिथं मुंबई-पुणे रस्त्याला लागून सरूआत्याची खानावळ होती. कुडाच्या भिंती, दोन चुली, पुढं बाकडी. ती माझ्या नात्यातली नव्हे. सगळा चौक तिला आत्या म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. दुपारच्या सुट्टीत ती मला हाक मारायची, "दामू, ये रं. पैलं वर्तमानपत्र वाच, मंग भाकर." मी मोठ्यानं बातम्या वाचायचो, गाडीवान आणि लॉरीवाले ऐकायचे, आणि वाचून झालं की माझ्यापुढं दोन भाकऱ्या आणि वाटाण्याची उसळ यायची. असं चार वर्षं चाललं. पुढे कर्जतला इंग्रजी शाळेत गेलो, शिष्यवृत्तीवर मुंबईला दातांच्या कॉलेजात गेलो. पण सुट्टीत घरी येताना चौकला उतरलो की तिच्या चुलीपुढं बसल्याशिवाय मी कधी पुढं गेलो नाही.

सरूआत्याची एक रीत होती. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली आणि टम्म फुगली की पहिल्या भाकरीची कड मोडून ती स्वतःच्या दाढेखाली धरायची. कर्र असा आवाज झाला की म्हणायची, "वाजली. वाढ." नाही वाजली तर तो सबंध उंडा ती बाजूला सारायची आणि पीठ पुन्हा मळायची. "जिभंला काय कळतं?" ती म्हणायची. "भाकर डोक्यात वाजाय पायजे." पुण्याकडचे ट्रकवाले घाट उतरून भुकेले यायचे, ते तिच्या या आवाजासाठी थांबायचे, असं ती स्वतःच सांगायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

पदवी घेऊन मी कर्जतला दवाखाना टाकला तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. या भागात दातांचा डॉक्टर ही चीजच नवी होती. बाजारच्या दिवशी एक जण चादर पसरून बसायचा आणि दात काढून द्यायचा, शिवाय काढलेले दात ढीग करून समोर मांडायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला भरवसा यावा. माझ्याकडे ढीग नव्हता. पायानं चालवायचं कोरणी यंत्र होतं आणि खुर्ची एका न्हाव्याकडून घेतलेली होती. लोक यायचे ते दुखणं सहन होईनासं झाल्यावर, आणि आल्यावर एकच सांगायचे, "काढून टाका."

दात किडण्यापेक्षा इथं हिरड्यांचं दुखणं जास्त. बायका मिशेरी लावायच्या. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड बोटानं दातांना घासत तासतासभर बसायचं, त्याची तल्लफच लागते. दातांच्या मुळाशी कीट साचतं, हिरडी सुजते, दातापासून सुटते, मधल्या खोबणीत पू होतो. मग दात शेतातल्या सैल खुंटासारखा हलायला लागतो. याला आम्ही पायरिया म्हणतो. आमच्या शिकण्याच्या काळात एक मत फार जोरात होतं. हिरडीतला हा पू रोज पोटात आणि रक्तात जातो, त्यानं सांधे धरतात, अशक्तपणा येतो, माणूस खंगतो. म्हणून दात सगळे काढा म्हणजे रोगाचं मूळ जाईल. आमचे शिक्षक हे मोठ्या खात्रीनं सांगायचे आणि माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला शिक्षकांच्या शब्दावर शंका घ्यायची हिंमत नव्हती. जे शिकायला मिळालं त्याचंच ओझं एवढं होतं, की ते तपासून बघावं हे मनात यायचं नाही.

दवाखाना टाकून दुसरं वर्ष असेल. उन्हाळ्यात सरूआत्या कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून कर्जतला आली. बरोबर सून यमुना. आत्या उतरली तेव्हा मी तिला पटकन ओळखलंच नाही. पूर्वी ती चुलीपुढं बसली की चूल दिसायची नाही, अशी अंगानं भरलेली होती. आता लुगडं तिच्या अंगावर नुसतं गुंडाळल्यासारखं दिसत होतं. खुर्चीत बसण्याआधीच तिनं पाणी मागितलं आणि तांब्या एका दमात रिकामा केला.

"दामू, दात हालाय लागलं रं," ती म्हणाली. "भाकर वाजत नाय. वाजती ती माझी दाढच."

तोंड उघडलं तर हिरड्या जांभळ्या, बोट लावलं की पू. वीस दात उरले होते. नऊ हलत होते, अकरा घट्ट होते. हा आकडा मी विसरू शकत नाही, कारण माझ्या वहीत तो माझ्याच अक्षरात आहे.

मी तिला पू, विष, खंगणं हे सगळं समजावून सांगितलं. हे दात गेले की अशक्तपणाही जाईल, असं म्हणालो.

"हालतात त्ये काढ," आत्या म्हणाली. "बाकीचं ऱ्हाऊ दे. माझ्या बापानं दिल्यात."

"आत्या, मुळापासून काढायचं तर सगळेच काढावे लागतील. कवळी करून देतो. लोखंड चावशील."

"लोखंड नाय चावायचं. भाकर चावायचीय."

मग माझ्याकडे बघून ती हसली. "काढ बाबा. तू येवढा शिकून आलास. तुज्यावर इस्वास नाय ठेवायचा तर कुनावर ठेवू?"

दर आठवड्याला दोन-तीन असे मी दात काढत गेलो. हलणारे आधी निघाले. मग घट्ट होते त्यांना हात घातला. घट्ट दात सहज निघत नाही. चिमट्यात धरून आत-बाहेर असा हळूहळू हलवून त्याची पकड सोडवावी लागते. आत्यानं खुर्चीचा दांडा धरला होता आणि एकदाही ती ओरडली नाही. सुईचं औषध होतं, पण ते सगळं दुखणं मारत नसे. निघालेला एक दात मी तिला दाखवला, तर ती म्हणाली, "ह्ये तर पांढरं सपेद हाय रं." मी म्हणालो, "आतून पोखरलेलं असतं, आत्या." ते खरं नव्हतं, पण तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

त्याच सुमाराला यमुनेनं मला बाजूला बोलावलं. ती बोलायला लाजत होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "दामूभाऊ, येक सांगू का? आत्या रातीची चार-चारदा उठती. न्हाणीच्या मोरीला काळ्या मुंग्यांची रांग लागती. मी राख टाकते, तरी येतात."

मी म्हणालो, "खानावळ आहे तुमची. गुळाची ढेप असेल जवळ."

"गूळ तिकडं नाय वो. गूळ फुडल्या खोलीत हाय."

"मग मोरीत उकळतं पाणी टाक," मी म्हणालो. "आणि हे बघ, माझं काम तोंडापुरतं आहे. मोरीचं कशाला सांगतेस मला?"

ती आत्याकडे परत गेली. तिनं मोठ्या धीरानं उच्चारलेली गोष्ट मी झटकून टाकली होती.

खरं तर कॉलेजात दुसऱ्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं. नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, विटकरी असा चढत गेला तर तितकी साखर. परीक्षेत मला हाच प्रयोग आला होता आणि त्यात मी पहिला आलो होतो. तहान, खंगणं, रात्रीचं उठणं, मुंग्या, सुजलेली हिरडी हे सगळं माझ्यापुढं आणून मांडलेलं होतं. पण मी प्रत्येकाला वेगळं कारण देऊन टाकलं. तहान चुलीच्या धगीमुळे, खंगणं पुवामुळे, मुंग्या गुळामुळे.

आणि याच्यावर कडी म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. दात काढल्यावर आत्याला चावता येईना. ती आणखी वाळायला लागली. त्या वेळी साखर रेशनवर होती, ती मिळणं म्हणजे नशीब. माझ्या लहानपणी तिनं मला चार वर्षं जेवू घातलं होतं. ते कधी फेडता येईल असं मला वाटत नव्हतं, पण काहीतरी करावं अशी तळमळ होती. म्हणून आमच्या घरची रेशनची साखर मी एका बिस्किटाच्या डब्यात भरून दर आठवड्याला तिला द्यायला लागलो. "पेजेत घाल, पाण्यात घाल," मी यमुनेला सांगितलं. "अंगात ताकद राहिली पाहिजे." आमच्या घरी दोन महिने गुळाचा चहा झाला आणि त्याचं मला समाधान वाटत होतं.

जखमा भरेनात. दात काढल्यावर आठ-दहा दिवसांत खळगा लाल दिसायला लागतो, मांस धरतं. आत्याचे खळगे करडे, वास मारणारे. मी धुतले, जंतू मारणारी सल्फाची पूड भरली, कापसाचे बोळे बदलले. उतार नाही. शेवटी एका बाजारच्या दिवशी, बाहेर बाकावर दहा माणसं बसलेली असताना, मी चिडून म्हणालो, "आत्या, तू चोरून मिशेरी लावतेस. म्हणून भरत नाही हे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "पैल्या दिशी तू सांगितलंस, तवाच डबी हिरीत टाकली रं."

"मग हे कशानं होतंय?"

"मला काय म्हाईत? तू डाक्टर हायस." मग थोडं थांबून म्हणाली, "चुलीची आन, दामू. न्हाय लावली."

आत्यानं चुलीची आण घेतली म्हणजे संपलं, हे चौकमध्ये कुणीही सांगितलं असतं. मी तरी मान हलवली, विश्वास नसल्यासारखी.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. तिसऱ्या दिवशी एक लॉरीवाला दारात येऊन म्हणाला, "चौकच्या आत्याचं काय खरं दिसत नाय. तुमाला बोलावलंय." मी त्याच्याच लॉरीत बसलो. वाटेत खालापूरला उतरून तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना बरोबर घेतलं. त्यांना सगळा तालुका थोरले डॉक्टर म्हणायचा. निम्मा तालुका त्यांच्या हातावर जन्मला होता.

खानावळीच्या मागच्या खोलीत आत्या पडली होती. श्वास खोल, जोरात, पळून आल्यासारखा. हाक मारली तर डोळे उघडायची आणि मिटायची. खोलीत एक वास होता, फार पिकलेल्या फळासारखा. थोरल्या डॉक्टरांनी दारातूनच तो ओळखला. त्यांनी यमुनेला आत्याची लघवी भांड्यात धरून आणायला सांगितली, पिशवीतून नळी आणि निळं पाणी काढलं आणि चुलीवरच ती नळी तापवली. मी बघत होतो. निळ्याचा हिरवा झाला नाही की पिवळा झाला नाही. पाणी एकदम विटकरी लाल झालं.

"खायला काय देताय?" त्यांनी विचारलं.

"साखरपाणी," यमुना म्हणाली. "आन साखर घातलेली पेज. दामूभाऊंनी साखर दिलीय." आणि तिनं फळीवरचा बिस्किटाचा डबा दाखवला.

थोरल्या डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्या कॉलेजात लघवी तपासायला शिकवत नाहीत का?"

"शिकवतात," मी म्हणालो.

ते पिशवीकडे वळले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

खोपोलीतल्या एका रोग्यासाठी त्यांनी मुंबईहून इन्शुलिनची शिशी मागवून ठेवली होती. ती त्यांनी आत्यासाठी फोडली. दोन दिवस ते चौकमध्येच राहिले. ट्रकवाले आळीपाळीनं खालापूरला जाऊन त्यांची औषधं आणत होते. तिसऱ्या दिवशी आत्यानं डोळे उघडून विचारलं, "चूल पेटवली का नाय कुनी?" तेव्हा यमुना बाहेर जाऊन रडली. मी आतच बसलो होतो.

साखर बंद, गूळ बंद, भात नावापुरता. आत्या कुरकुरत, शिव्या देत, पण पथ्यावर राहिली. आणि मग मी जे पाहिलं ते मला कुठल्याच पुस्तकानं इतकं स्पष्ट शिकवलं नव्हतं. माझ्या सगळ्या पुडींना न जुमानणारे ते खळगे महिन्याभरात लाल झाले आणि भरून आले. थोरले डॉक्टर म्हणाले, "रक्तात साखर साचली की हिरडीची राखण करणारं बळ जातं. तिथं पू होतो. आणि तो पू राहिला की साखर उतरता उतरत नाही. दोघं एकमेकांना धरून असतात. तुम्ही एकाला मारायला निघालात, दुसरा मागच्या दारानं आला."

मी विचारलं, "आधी साखर आटोक्यात आणली असती, हिरड्या साफ केल्या असत्या, तर घट्ट दात राहिले असते?"

त्यांनी चष्मा पुसला. "घट्ट होते ना? मग राहिले असते की."

आम्ही हे बोलत होतो तेव्हा यमुना तिथंच धान्य पाखडत होती.

कर्जतला परत गेलो त्या दिवशी मी निळं पाणी, नळ्या आणि दिवा मागवला.

आत्याला मी कवळी करून दिली. माझ्या हातून झालेली ती सगळ्यांत चांगली कवळी होती. लाल रबराची, वरची-खालची, तीनदा बसवून पाहिलेली. ती तिनं घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "लगीन लावा आता माझं." पण भाकरीची कड दाढेखाली धरली आणि तिचा चेहरा बदलला. "वाजत नाय रं. बाहीर वाजती. डोक्यात नाय वाजत." कवळी पुढं देवळात जाताना आणि पाहुणे आले की लागायची. एरवी ती फळीवर, त्याच बिस्किटाच्या डब्यात असायची.

आत्या अजून चार-पाच वर्षं जगली. मी आठवड्याला एकदा तिची साखर तपासायला चौकला जायचो. भाकऱ्या आता यमुना करायची आणि आत्या चुलीशेजारी पाटावर बसून हुकूम सोडायची. मी गेलो की पहिल्या भाकरीची कड मोडून ती माझ्या हातात द्यायची.

"चाव. वाजली?"

"वाजली."

"मंग वाढ गं यमुने."

गिऱ्हाइकं हसायची. "आत्या, डाक्टरला कामाला लावलंस की!" आत्या म्हणायची, "माझं दात त्याच्याकडंच हायत, मंग चावायचं कुनी?"

ही तिची थट्टा होती. तिच्या मनात काही डंख नव्हता, एवढं मी तिला ओळखत होतो. पण स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकदा बाकड्यांवर कुणी नव्हतं. तिनं मला कड दिली, मी चावली, वाजली म्हणालो. ती "वाढ" म्हणाली नाही. विस्तवाकडे बघत तिनं विचारलं, "दामू, त्ये घट व्हते त्ये काढायला पायजे व्हते का रं?"

थट्टा नव्हती. रागही नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. यमुना तव्यापाशी थांबली होती.

मी म्हणालो, "हो आत्या. काढायला पाहिजेच होते."

"मंग बरं झालं," आत्या म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच मोकळा झाला. "मला उगीच वाटायचं."

यमुनेनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाकरी उलटली. ती मला काही बोलली नाही, तेव्हाही आणि नंतरही. आत्या त्याच वर्षी दिवाळीआधी गेली. पुढं खूप वर्षांनी यमुनेची दाढ हलायला लागली तेव्हा ती कर्जतला आली. मी काही विचारण्याआधीच तिनं पदराआडची भरलेली शिशी टेबलावर ठेवली. मी नळी तापवली. पाणी निळंच राहिलं. मग ती खुर्चीत बसली आणि तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "हालती ती येकच हाय, दामूभाऊ. बाकीच्यांना हात लावू नका."

मी लावला नाही.